वाजवणारे साठ, दिसणारा एक

'अलबेला' पुन्हा पाहायचा योग आला तर 'दीवाना परवाना' या गाण्यात नाचणाऱ्यांवरची नजर थोडी मागे न्या. झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून तिथे एक बँड वाजवतोय. हिंदी सिनेमातला बँड बहुधा लुटुपुटूचा असतो. उभ्या जन्मात ट्रंपेट हाती न धरलेला कुणी एक्स्ट्रा गाल फुगवून उभा असतो. हा बँड मात्र अस्सल आहे. त्याचा म्होरक्या चिक चॉकलेट. खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव गोव्यातलं हळदोणे. १९५१ साली 'अलबेला' आला तेव्हा मुंबईतल्या जॅझच्या शौकिनांना त्याची ओळख करून द्यावी लागत नव्हती. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत, आणि त्यानेही रंगमंचावरचा आपला सगळा आविर्भाव आर्मस्ट्राँगवरच बेतलेला होता.

सिनेमाचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. नायक भगवानदादा, गिरणी कामगाराचा मुलगा. पुणतांबे, गिरणगाव आणि हळदोणे एकत्र येऊन जे तयार झालं त्यावर आजही वरातीतले काका ठेका धरतात. चिक चॉकलेट पडद्यावर दिसला, हे त्याचं नशीब. पण त्या काळच्या सिनेमांतल्या शेकडो गाण्यांत दहा, वीस, कधी साठ-सत्तर माणसं वाजवत होती आणि त्यांतलं कुणीच दिसलं नाही. मला कुतूहल आहे ते या न दिसलेल्यांचं.

वाद्य उत्तम येणं आणि लोकांना रिझवणं हे दोन वेगळे धंदे आहेत. एकाच माणसात दोन्ही उतरले तर चिक चॉकलेट तयार होतो. बहुतेकांना मात्र एकच काय ते येतं, आणि पोटाचा प्रश्न आला की कोणतं येतं यावर सगळं ठरतं. जगात बहुतेक ठिकाणी या झगड्यात रिझवणारा जिंकतो. मुंबईच्या सिनेमाने चार-पाच दशकं जरा निराळीच सोय करून दिली. ज्याला फक्त वाजवता येतं, ज्याला लोकांपुढे हसता येत नाही, गप्पा मारता येत नाहीत, टाळ्या वसूल करता येत नाहीत, अशा माणसालाही इथे घरभाडं भरता आलं आणि पोरांच्या फिया भरता आल्या. अट एवढीच की त्याने दिसायचं नाही.

आधी या वादकांची हॉटेलातली नोकरी काय होती ते पाहू, म्हणजे फरक कळेल. ताजमध्ये किंवा ग्रीन्स हॉटेलात बँड लावलेला असे तो लोकांनी नाचावं म्हणून. वाल्ट्झ, फॉक्सट्रॉट, रुंबा; एक संपलं की दुसरं. फ्लोअर भरलेला असेल तर बँड चांगला, रिकामा झाला की बँड वाईट. तुम्ही वाजवलेल्या सोलोत कुठे काय बारकावा होता, हे मॅनेजरला ठाऊक नसतं आणि ठाऊक करून घ्यायचंही नसतं. समोरच्या माणसांचे पाय थकलेत की पेटलेत हे ओळखून पुढचं गाणं निवडणं हे कसब आहे, आणि ते कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. लोकांना रिझवणं म्हणजे हलकं काम असं मानणारी मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना एकदा अर्ध्या रिकाम्या डान्स फ्लोअरपुढे उभं करायला हवं.

पण हे कसब सगळ्यांकडे नव्हतं, आणि त्यात १९४९ साली मुंबई प्रांताने दारूबंदीचा कायदा केला. ग्लासच नाही तर नाच कुणाला सुचणार? हॉटेलांची रात्र मंदावली. सिनेमाचं संगीत मात्र त्याच वर्षांत फुगत चाललं होतं. दहा-बारा वाद्यांच्या जागी व्हायोलिनांच्या रांगा येऊ लागल्या होत्या. बँडवाले दिवसा स्टुडिओची वाट चालू लागले.

या बँडवाल्यांत बहुतेक गोव्याचे. ते कसे, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर चर्चमध्ये आहे. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चना जोडून शाळा असत, आणि तिथे मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलिपीही शिकवत. पाच आडव्या रेघा, त्यांवर आणि त्यांच्यामध्ये बसवलेले टिंब. कुठलं टिंब म्हणजे कुठला स्वर, किती वेळ धरायचा. हेतू साधा होता. रविवारच्या प्रार्थनेला गाणारे आणि व्हायोलिन वाजवणारे हवे होते. त्यातून पिढ्यान्‌पिढ्या अशी मुलं तयार झाली ज्यांना संगीत पुस्तकासारखं वाचता येत होतं, आणि ज्यांना गावात या विद्येवर पोट भरण्याची सोय नव्हती. ती मुंबईला आली, जहाजांवर गेली, संस्थानिकांच्या बँडमध्ये भरती झाली, लाहोर-कलकत्त्याच्या हॉटेलांत पोचली. मुंबईत धोबी तलावाजवळच्या जेर महालसारख्या इमारतींत गावागावांचे कूड होते; गावचा माणूस तिथे पेटी ठेवायचा, स्वस्तात झोपायचा आणि काम शोधायचा. मूकपटांच्या थिएटरांत पडद्यापुढे बसून वाजवणाऱ्यांतही गोवेकर होते. १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला आणि ते काम हळूहळू संपलं. पण ज्या बोलपटाने थिएटरातली खुर्ची काढून घेतली त्यानेच पुढे स्टुडिओत खुर्ची दिली.

आता त्या खुर्चीवर बसून काय करायचं होतं ते सांगतो, कारण हा भाग मला अजूनही अचाट वाटतो.

संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधतो. त्याला बहुधा पाश्चात्त्य स्वरलिपी येत नाही. साहाय्यक ती चाल सरगममध्ये टिपून घेतो. मग अरेंजर ती पाच रेघांवर उतरवतो आणि त्याभोवती सगळी इमारत उभी करतो: सुरुवातीचा इंट्रो, दोन अंतऱ्यांमधला इंटरल्यूड, गायिका श्वास घेते तेवढ्या फटीत बसणारा फिलर. मग प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहून काढायचा. व्हायोलिनवाला सकाळी स्टुडिओत येतो तेव्हा गाणं कुठल्या सिनेमाचं, कोण गाणार, चाल कशी आहे, यांतलं त्याला काहीही ठाऊक नसतं. स्टँडवर कागद ठेवला जातो. तो पाहतो आणि वाजवतो. दोन-चार रिहर्सलनंतर टेक. कित्येक दशकं सगळं एकाच वेळी, एकाच ट्रॅकवर ध्वनिमुद्रित होत असे. गायक, ढोलक, व्हायोलिनं, सगळे एकदमच. पन्नासाव्या माणसाचं बोट शेवटच्या ओळीत घसरलं तर सगळ्यांनी पहिल्यापासून सुरू करायचं. त्या वेळी खोलीतले सगळे डोळे त्या एका माणसाकडे वळत असतील. त्याला लोकांपुढे येण्याची एवढीच संधी, आणि ती कुणालाच नको असायची.

कागदावरून असं थेट वाजवताना मेंदूत काय होतं, यावर जॉन स्लोबोडा या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. वादक वाचून वाजवत असताना मध्येच त्याच्यासमोरचा कागद दिसेनासा करायचा, आणि त्यानंतरही तो किती स्वर बरोबर वाजवतो ते मोजायचं. कच्चे वाचक तीन-चार स्वरांवर थांबत. कसलेले सातपर्यंत जात. म्हणजे हात एका जागी असतो आणि डोळा त्याच्या सात स्वर पुढे. घाटातला एसटीचा ड्रायव्हरही चाकाखालचा रस्ता बघत नसतो, पुढचं वळण बघत असतो. त्याहून मजेदार गोष्ट अशी की हा डोळा संगीताचं वाक्य जिथे संपतं तिथे थबकतो. वाक्य लांब असेल तर डोळ्याची झेप लांबते, तोकडं असेल तर आखडते. उत्तम वाचणारा सुटी टिंबं वाचतच नाही, अर्थ वाचतो. हे ज्याला येतं तो संगीताचा केवढा जाणकार असला पाहिजे! आणि बाजारात या जाणकारीची किंमत एका शिफ्टची बिदागी.

दुसरं नवल व्हायोलिनांच्या रांगेचं. निर्मात्याला वाटे, एवढे लोक कशाला? चार वाजवतील की. हिशेबाने पाहिलं तर त्याचंही बरोबर होतं. दहा व्हायोलिनं एकत्र वाजली तरी कानाला आवाज दहापट मोठा वाटत नाही, साधारण दुप्पटच वाटतो. आवाज वाढवायचा तर माइक जवळ आणणं स्वस्त. पण वीस व्हायोलिनं आवाजासाठी नसतातच. वीस माणसं एकच स्वर लावतात तेव्हा तो वीस जणांचा अगदी तंतोतंत एक नसतो. कुणाचा केसभर वर, कुणाचा केसभर खाली. कुणाचा गज क्षणाचा काही अंश आधी फिरतो, कुणाचा नंतर. आंदोलनंही वेगवेगळ्या वेगाची. हे सूक्ष्म फरक एकमेकांत मिसळले की कानाला वीस स्वर ऐकू येत नाहीत, एकच रुंद, मऊ, किंचित थरथरणारा स्वर ऐकू येतो. चौघांत तो होत नाही, कारण चौघे वेगवेगळे ओळखू येतात. शंकर-जयकिशनच्या गाण्यात पडदा उघडावा तशी व्हायोलिनं येतात ना, त्यातली भव्यता या फरकांची आहे. फरक मात्र फार थोडा असावा लागतो, आणि इतका थोडा फरक ठेवायला प्रत्येकजण पक्का तयार असावा लागतो. वादक जितका कसलेला तितका तो रांगेत पूर्ण विरघळतो. मंचावरच्या माणसाने नेमकं याच्या उलट करायचं असतं, आपला आवाज हजारांत वेगळा ओळखू येईल असा.

शंकर-जयकिशनचं नाव आलं तर सेबॅस्टियन डिसोझांचं यायलाच हवं. फाळणीआधी ते लाहोरच्या हॉटेलात बँड चालवत. फाळणीत ती दुनिया गेली, ते मुंबईला आले आणि पुढे वीसहून अधिक वर्षं शंकर-जयकिशनचे अरेंजर राहिले. त्यांच्यापुढचा पेच समजून घेण्यासारखा आहे. आपलं संगीत एका रेघेवर चालतं. पाश्चात्त्य संगीताला एका वेळी अनेक स्वर उभे करून इमारत बांधायची सवय. रागाच्या चालीखाली बेधडक कॉर्ड ठेवले तर रागात नसलेले स्वर घुसतात आणि भैरवीचा चेहराच बदलतो. म्हणून कॉर्ड मोजून-मापून वापरायचे आणि त्याऐवजी गाण्यामागून दुसरी एक चाल सोडायची, जी गायिका थांबली की पुढे येते आणि ती गाऊ लागली की मागे सरते. स्टुडिओच्या भाषेत हिला काउंटर म्हणतात. राज कपूरच्या सिनेमातलं एखादं गाणं नुसतं चेलोकडे कान ठेवून ऐकलं तर तिथे आणखी एक गाणं चाललेलं सापडेल. त्या दुसऱ्या गाण्याच्या कर्त्याला लोक ओळखत नव्हते. वादकांना ओळखत नव्हते यात नवल काय, १९४९ च्या 'महल'मधल्या लताबाईंच्या एका गाजलेल्या गाण्याच्या पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! गायकांनी भांडून नाव मिळवलं. साजिंदे रांगेतच राहिले.

गोवेकरांबरोबर या खोलीत पारशी होते, बंगाली होते, मराठी होते. 'आराधना'तल्या पावसाळी रात्रीच्या गाण्यातलं ॲकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचं आणि सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा. हे मनोहारी कलकत्त्याच्या नेपाळी घरातले. आपले अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल हेही आधी वादक आणि अरेंजर, संगीतकार जोडी म्हणून नंतर गाजले.

शास्त्रीय संगीतवालेही याच रांगेत बसत, आणि इथे गोष्ट जरा गुंतागुंतीची होते. सारंगीवादक राम नारायण १९४९ मध्ये दिल्लीचं आकाशवाणी केंद्र सोडून मुंबईत आले. सारंगी म्हणजे गायकाच्या मागे बसायचं वाद्य, ही समजूत त्यांना मोडायची होती. १९५४ मध्ये कावसजी जहांगीर हॉलमधल्या एका संगीत महोत्सवात ते एकटे सारंगी घेऊन बसले. श्रोत्यांना पुढच्या बड्या कलावंतांची घाई झाली होती. कार्यक्रम आटोपता घ्यावा लागला. वादनात कमी काहीच नव्हतं. पण सभा जिंकण्याचा धंदा निराळा, हे त्या संध्याकाळी दिसलं. १९५६ मध्ये ते पुन्हा बसले आणि या वेळी लोकांनी ऐकलं. मधली वर्षं आणि पुढचीही पुष्कळ वर्षं घर चालवलं ते सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांनी. पुढे साऱ्या जगाने त्यांची सारंगी ऐकली. संतूरचे शिवकुमार शर्मा 'गाईड'मधल्या एका गाण्यात तबल्यावर आहेत. ज्यांनी संतूरला मैफलीत जागा मिळवून दिली त्यांनी मुंबईत सिनेमासाठी तबलाही हाती घेतला. हरिप्रसाद चौरसियांची बासरी कितीतरी गाण्यांत आहे. सिनेमाने शास्त्रीय संगीत बिघडवलं असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा. मैफलीने पोसलं नसतं अशा वादकांना स्टुडिओने त्यांची मैफल जमेपर्यंत सांभाळलं.

एका माणसाला मात्र ही तडजोड पुरी पडेना. अँथनी गोन्साल्विस, जन्म १९२७, गाव माजोर्डा, वडील चर्चमध्ये संगीत शिकवणारे. पोरवयात मुंबईला आले, नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले, अरेंजर झाले, शिकवू लागले. ट्रंपेटवादक रामप्रसाद शर्मांचा मुलगा प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकला. गोन्साल्विस यांना रागसंगीताने झपाटलं होतं. राग कायम ठेवून सिंफनीचं अंग त्याला द्यायचं, आणि ते सिनेमाच्या चार मिनिटांत नव्हे तर मंचावर, असं त्यांच्या मनाने घेतलं. सारंग आणि तोडीवर त्यांनी रचना केल्या. १९५८ मध्ये इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम झाला. लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. रांगेत विरघळणारी माणसं त्या दिवशी लोकांसमोर बसली होती आणि वाजवत होती ती स्वतःच्या कुवतीला साजेल असं काही.

टिकलं नाही. एवढा वाद्यवृंद पोसायला दरबार लागतो, नाहीतर सरकार, नाहीतर तिकिटं काढणारा मोठा समाज. तिन्ही नव्हतं. १९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला गेले; परतल्यावर सिनेमापासून लांब, माजोर्ड्यातच राहिले.

मग १९७७ आलं. मनमोहन देसाईंचा 'अमर अकबर अँथनी'. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, म्हणजे त्याच प्यारेलालचं. ईस्टरच्या भल्या थोरल्या अंड्यातून टोपी आणि कोट घातलेला अमिताभ बच्चन बाहेर पडतो, इंग्रजीची मनसोक्त मोडतोड करणारं भाषण ठोकतो, आणि स्वतःचं नाव सांगत गाऊ लागतो. ते नाव प्यारेलाल यांनी आपल्या गुरूची आठवण म्हणून घातलं. गुरुदक्षिणा म्हणून याहून चमत्कारिक काही मला सुचत नाही. ज्याने आयुष्यभर विद्येला मनोरंजनापासून सोडवायचा प्रयत्न केला, त्याचं नाव देशातल्या पोराटोरांच्या तोंडी झालं ते निव्वळ, निखळ करमणुकीच्या गाण्यातून. सारंगातली त्यांची रचना किती जणांनी ऐकली असेल? यात कुणाला अन्याय दिसेल. मला तर प्यारेलाल यांचा व्यवहार समजून घेण्यासारखा वाटतो. जे त्यांच्या हातात होतं ते सिनेमाचं गाणं होतं, आणि सिनेमाच्या गाण्याइतकं लांब पोचणारं या देशात दुसरं काही नव्हतं. गोन्साल्विस जानेवारी २०१२ मध्ये गेले तेव्हा वर्तमानपत्रांना त्यांची ओळख करून देताना त्या गाण्याचाच आधार घ्यावा लागला.

स्टुडिओतली ती सोयही राहिली नाही. १९८० नंतर सिंथेसायझर सर्रास झाले, पाठोपाठ संगणक आले, ट्रॅक वाढले. वीस व्हायोलिनांचा रुंद स्वर एका किल्लीवर दाबता येऊ लागला. केसभराचे ते फरकसुद्धा आता सॉफ्टवेअर मुद्दाम घालून देतं. सगळ्यांनी एकाच वेळी एका खोलीत बसायची गरज उरली नाही. वादक निवृत्त झाले, गोव्याला परतले, कुणी शिकवण्या धरल्या. आज वाद्यावर जगू पाहणाऱ्या तरुणाला पुन्हा लोकांसमोर यावं लागतं, लग्नात वाजवावं लागतं, मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे बघून हसावं लागतं. पुन्हा हॉटेलचा फ्लोअरच, फक्त मॅनेजर बदलला. काहींना ते उत्तम जमतं. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी आता आडोसा नाही, आणि हे मला नुकसान वाटतं, कारण उत्तम वाजवणाऱ्यांत लाजरी माणसं नेहमीच पुष्कळ असतात.

अरेंजरांनी लिहिलेले ते कागद बहुतेक गेले. ध्वनिमुद्रण झालं की त्यांचं काम संपे. कोण जपून ठेवणार? चित्रपटांच्या नामावलीत वादकांची नावं नाहीत, तबकड्यांवर नाहीत. कुठल्या गाण्यात कुणी काय वाजवलं याची नोंद म्हणजे त्या माणसांची आणि त्यांच्या घरच्यांची आठवण, आणि ती माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. तुमच्या नात्यात, इमारतीत, वाड्यावर असं कुणी असेल ज्यांनी दादर-ताडदेवच्या स्टुडिओंत शिफ्टा केल्या, तर त्यांच्याजवळ बसा, जुनी गाणी लावा, आणि ते जिथे 'हा मी' म्हणतील तिथे गाण्याचं नाव, वाद्य आणि साल वहीत लिहून ठेवा.